रात्र घराने द्यायची असते

रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि समोरच्या घरातले एक वयस्कर गृहस्थ शिडीवर चढून आपल्या खिडकीच्या चौकटीला पांढरा रंग देत होते. उन्हात. आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच-सहाला असते तशा तिरप्या, पिवळ्याधमक उन्हात. मी गॅलरीत उभा होतो. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी आणि डोळ्यांत झोपेचा टिपूस नाही. त्यांनी मला पाहिले आणि ब्रश हलवून नमस्कार केल्यासारखे केले. मीही हात हलवला. मनात म्हटले, या माणसाला घरात ‘अहो, आता झोपा’ असे म्हणणारे कोणी नाही काय? तेवढ्यात मागून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, “अहो, आता झोपा.”

गाव ट्रॉम्सो, देश नॉर्वे, साल २०२३, महिना जून. आमची मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त तिथे राहतात. त्यांच्याकडे म्हणून आम्ही दोघे आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांब गेलो होतो. ट्रॉम्सो हे उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, जवळजवळ सत्तर अंश अक्षांशावर वसलेले गाव. मेच्या विसाव्या तारखेच्या सुमारास तिथला सूर्य एकदा वर आला, की जुलैची वीस-बावीस तारीख उजाडेपर्यंत मावळत नाही. (‘उजाडेपर्यंत’ हा शब्दही तिथे चुकीचाच!) तो आकाशात गोल फिरत राहतो. मध्यरात्री उत्तरेला क्षितिजाच्या जरा वर टेकल्यासारखा होतो आणि पुन्हा चढू लागतो. उलट, नोव्हेंबरच्या अखेरीस जो बुडतो, तो जानेवारीच्या मध्यापर्यंत तोंड दाखवीत नाही. पाऊण लाखाहून अधिक माणसे या गावात राहतात, शाळेत जातात, संसार करतात, म्हातारी होतात. आणि झोपतातही. ती कशी झोपतात, आणि त्यावरून आपण काय शिकावे, हे आज सांगायचे आहे.

मी गंगापूरचा. नाशिकजवळचे धरणाचे गंगापूर नव्हे आणि दत्ताचे गाणगापूरही नव्हे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले, तालुक्याचे गंगापूर. आमचे अक्षांश विसाच्या आत. सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. सूर्याच्या हिशेबात वर्षभरात सव्वादोन तासांचा काय तो फरक. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या भाषेत सांगायचे, तर आमच्याकडे रात्र ही मुदत ठेवीच्या व्याजासारखी आहे. आपण काहीही न करता ती ठरल्या वेळी खात्यात जमा होते. त्यामुळे तिची कधी विचारपूस करावी, असे वाटलेच नव्हते.

ती वेळ मुलीमुळे आली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ती तिकडे गेली. दिवाळीपर्यंत सगळे ठीक होते. डिसेंबर लागला आणि आमच्या पहाटे साडेपाचला तिचे फोन येऊ लागले. हिवाळ्यात नॉर्वे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. म्हणजे तिथे रात्रीचा एक. “काही नाही अण्णा, सहज केला,” ती म्हणायची. आठवड्यातून एकदा, मग तीनदा, मग रोज. हळूहळू कळले, की रात्री तीन-तीन वाजेपर्यंत तिला झोप नाही. सकाळी डोळा उघडत नाही. दुपारी कामावर पेंग येते. भाजी चिरता चिरता कारण नसताना रडू येते. आमची ही म्हणाली, “दृष्ट लागली पोरीला.” मी म्हणालो, “घरची आठवण येत असेल, होईल सवय.” दोघांचेही निदान चुकले होते.

तिथल्या डॉक्टरांनी तिला औषधाआधी एक दिवा दिला. दहा हजार लक्स इतका प्रखर. सकाळी ठरल्या वेळी उठायचे आणि चहा घेताना अर्धा तास त्या दिव्यासमोर बसायचे. दिवसाच्या मध्यावर क्षितिजाखालच्या सूर्याचा जो निळसर संधिप्रकाश दोन-चार तास पडतो, त्यात कितीही थंडी असो, बाहेर एक फेरी मारायची. आणि रात्री झोप आली नाही तरी सकाळची उठायची वेळ मोडायची नाही. मला हे सगळे ऐकून वाटले, हा उपचार आहे की मुंजीतल्या बटूला सांगितलेला आचार? पण तीन-चार आठवड्यांत पहाटेचे फोन थांबले. फोन न आल्याचा आनंद होणारे आईबाप जगात थोडे असतील, आम्ही त्यांतले.

यामागचे शास्त्र मी नंतर मुद्दाम समजून घेतले, आणि ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे. आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत एक घड्याळ असते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की माणसाचे हे घड्याळ नेमके चोवीस तासांचे नसते. सरासरीने ते दहा-बारा मिनिटे मागे पडते. रोज सकाळचा उजेड त्याचा काटा जागेवर आणतो, जसा जुन्या काळी शाखेतला शिपाई सकाळी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देऊन रेडिओवर वेळ मिळवीत असे. शिपाई रजेवर गेला तर काय होईल? रोजची बारा मिनिटे म्हटली, तरी पंधरा दिवसांत तीन तासांची पिछाडी! मुलीचे नेमके हेच झाले होते. सूर्य नावाचा शिपाई दोन महिने रजेवर होता.

हा उजेड मोजणाऱ्या वेगळ्या पेशी डोळ्याच्या पडद्यात असतात, हे २००२ साली नक्की झाले. त्या चित्र पाहण्यासाठी नसतात. दिवस आहे की रात्र, एवढेच त्या मुख्यतः मेंदूला कळवतात, आणि निळसर उजेडाला त्या फार लवकर फसतात. अंधार पडला की मेलॅटोनिन नावाचा रस शरीरात झिरपू लागतो आणि झोपेची तयारी सुरू होते. उजेड दिसला की तो थांबतो. म्हणून उत्तरेत दोन्ही बाजूंनी पंचाईत. उन्हाळ्यात निजायच्या वेळी उजेड, हिवाळ्यात उठायच्या वेळी अंधार. ट्रॉम्सो आणि विषुववृत्ताजवळचा घाना देश अशी तुलना करणारा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. घानात ऋतूबरोबर झोप फारशी बदलत नाही. ट्रॉम्सोत हिवाळा आला, की झोपण्या-उठण्याच्या वेळा पुढे सरकतात आणि झोपेच्या तक्रारी वाढतात. आपण गंगापूरचे लोक या बाबतीत घानाच्या पंगतीतले. सुखी माणसे! पण पंगतीत बसलेल्या माणसाला वाढप्याचे कष्ट दिसत नाहीत, तसे आपले झाले आहे.

आम्ही जूनमध्ये पोचलो, तेव्हा मुलीने दोन हिवाळे पचवले होते आणि ती रात्रीच्या बाबतीत आमच्या आजीइतकी कडक झाली होती. संध्याकाळी सहाला जेवण. आठ वाजले की तिची फेरी सुरू. निजायच्या खोलीच्या खिडकीला काळे, जाड अस्तराचे पडदे. ते कडेने चौकटीला चिकटवायचे, म्हणजे फटीतूनही ऊन येऊ नये. बैठकीतले मोठे दिवे बंद. कोपऱ्यात जमिनीलगत एकच पिवळा दिवा. सगळ्यांचे मोबाइल स्वयंपाकघरातल्या पितळी डब्यात. (डबा आम्हीच रुखवतात दिलेला. त्याचे नशीब असे उघडेल असे वाटले नव्हते.) खोली गार ठेवायची. प्रत्येकाचे पांघरूण वेगळे, नवरा-बायकोचेही. ही तिकडची रीत पाहून आमची ही म्हणाली, “चाळीस वर्षांपूर्वी कळली असती, तर किती भांडणे वाचली असती!”

आणि आमची चार वर्षांची नात. खेळून दमली, डोळे चोळू लागली, की आईचा पदर, म्हणजे टी-शर्टचे टोक, ओढून म्हणायची, “आई, रात्र कर ना.”

मी ते पहिल्यांदा ऐकले आणि चमकलो. आपली मुले म्हणतात, ‘दिवा लाव’. रात्र लाव किंवा रात्र कर, असे म्हणायची वेळ आपल्या भाषेवर आलेली नाही. या मुलीच्या जगात रात्र आकाशातून येत नव्हती. तिची आई ती पडद्याने, दिव्याने, हलक्या आवाजाने करत होती.

मी मात्र पहिले चार दिवस हे नियम पाळले नाहीत. एवढ्या लांब आलो तो काय काळ्या खोलीत पडून राहायला? मध्यरात्री फिरायला जायचो. रस्त्यावर पोरे सायकली फिरवताहेत, समुद्रपक्षी किंचाळताहेत, पुलापलीकडचे ते तिकोनी पांढरे चर्च उन्हात चमकते आहे. झोप तीन तास. पाचव्या दिवशी चहात साखर कमी पडली म्हणून मी जावयासमोर बायकोवर ओरडलो. बँकेत मार्च अखेरीलाही मी कधी असा ओरडलो नव्हतो. त्या रात्री निमूटपणे आठ वाजता आत गेलो. डोळ्यांवर बांधायला पट्टी नव्हती, म्हणून हिने पिशवीतून काळा ब्लाउजपीस काढून माझ्या डोळ्यांवर बांधला. आणखी दोन दिवस गेले. तिसऱ्या रात्री सलग सात तास झोपलो आणि उठल्यावर जावयाची क्षमा मागितली. तो म्हणाला, “अहो अण्णा, पहिल्या उन्हाळ्यात मी याहून वाईट वागलो होतो.”

समोरचे रंगारी गृहस्थ निवृत्त पोस्टमन निघाले. मुलीच्या मध्यस्थीने त्यांच्याशी बोललो. “उन्हाळ्यात थोडे कमी झोपले तरी चालते, हिवाळ्यात भरपाई होते. पण सकाळी मी सातलाच उठतो, रात्री कितीही वाजोत,” ते म्हणाले. पस्तीस वर्षांची टपालाची सवय. मला वाटले, हा माणूस आमच्याच जमातीचा.

त्याच मुक्कामात संकष्टी आली. हिचा उपास. चंद्रोदयानंतर सोडायचा. आता चंद्रोदय कुठून आणायचा? सूर्य डोक्यावर हटून बसलेला आणि चंद्र इतका दक्षिणेला गेलेला, की त्या अक्षांशावर त्या दिवशी तो उगवणारच नव्हता. जावयाने मोबाइलवर शोधून तसे सांगितले. ही क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, “गंगापूरचा कितीला आहे?” गंगापूरचा साडेदहाच्या पुढे, म्हणजे तिथे संध्याकाळचे सात वाजून गेलेले. सव्वासातला तिने भर उन्हात गणपतीला नैवेद्य दाखवला आणि उपास सोडला. एखाद्या शास्त्रीबुवांनी पोथ्या चाळल्या असत्या. हिने एका मिनिटात निकाल दिला. आकाश वेळ देईना, तर आपण आपल्या माणसांची वेळ धरायची. त्या गावातले लोक वेगळे काय करतात?

तिथे बसल्या बसल्या लोकमान्यांची आठवण होणे अपरिहार्य होते. आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवप्रदेशात होते, असा सिद्धान्त मांडणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. आजचे विद्वान तो सिद्धान्त स्वीकारत नाहीत, आणि लोकमान्यांनी ध्रुवप्रदेश कधी पाहिला नव्हता. पण त्यांच्या वाचनातली एक नजर मला तिथे नव्याने पटली. वेदातले ऋषी रात्र सुखरूप पार पडावी म्हणून एवढी आळवणी का करतात? बारा तासांच्या रात्रीची एवढी धास्ती कशाला? असा प्रश्न त्यांना पडला होता. माणसांचे एक वर्ष म्हणजे देवांचा एक अहोरात्र, हे आपण पुराणात ऐकत आलो. ध्रुवावर ते अक्षरशः खरे आहे: सहा महिने दिवस, सहा महिने रात्र. पण देवांना परवडते ते माणसांना परवडत नाही. माणसाला चोवीस तासांत एक रात्र लागतेच.

बरे, हे आता केवळ माझ्या मुलीपुरतेही राहिलेले नाही. नॉर्वेच्याही उत्तरेला, स्वालबार्ड बेटांवर, जवळजवळ एकोणऐंशी अंशांवर भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ च्या जुलैमध्ये सुरू झाले. त्याचा कारभार आपल्या गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. पूर्वी आपले शास्त्रज्ञ तिथे मुख्यतः उन्हाळ्यात जात. २०२३ च्या डिसेंबरपासून हिवाळ्यातल्या अंधारातही तुकड्या राहू लागल्या. हवेचा आणि बर्फाचा अभ्यास करणाऱ्या त्या मंडळींनाही आपली सकाळ आपणच करावी लागते.

तिथली जनावरे मात्र माणसापेक्षा शहाणी. रेनडिअर हे तिकडचे हरणासारखे जनावर. त्याच्या डोळ्याच्या आतला थर उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात निळा होतो, म्हणजे अंधारातला कणभर उजेडही वाया जात नाही. आणि रवंथ करता करताच ते झोपेची बरीचशी भरपाई करून घेते, असे ट्रॉम्सोतच केलेल्या अभ्यासात दिसले. तो २०२३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. गोठ्यात डोळे अर्धे मिटून रवंथ करणारी गाय पाहत वाढलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटले नाही, बरे वाटले.

माणसाला रवंथ नाही. त्याला दुसऱ्या माणसांची मदत लागते. ती मदत तिथे गावभर दिसते. डिसेंबरात घराघराच्या खिडकीत दिवे आणि कागदी चांदण्या लागतात. आपल्या आकाशकंदिलाच्या चुलत बहिणी. मुलगी दिवाळीचा कंदील जानेवारीपर्यंत उतरवत नाही आणि शेजाऱ्यांना त्यात वावगे वाटत नाही. आपली संक्रांत होते त्याच सुमारास तिथे सूर्य क्षितिजावर येतो. पण डोंगर आड असल्यामुळे गावाला तो दिसतो २१ जानेवारीला. त्या दिवशी शाळेतली मुले बाहेर येऊन त्याचे स्वागत करतात आणि ‘सूर्याचे’ गोड पाव खातात. मुलगी त्याच दिवशी तिळगूळ वाटते. सगळे गाव मिळून हिवाळ्यात दिवस करते आणि उन्हाळ्यात रात्र करते. एकट्याच्या जिवावर ते जमले नसते.

इथवर हे प्रवासवर्णन झाले. खरा धडा मला परत आल्यावर, गंगापुरात मिळाला.

माझा पुतण्या गोदाकाठच्या शिवारात शेती करतो. शेतीपंपाला वीज पाळीने. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. २०२४ च्या जानेवारीत गहू आणि कांदा पाण्यावर होता आणि पाळी रात्रीची होती. रात्री दहाला मोटार सुरू करायची, थंडीत गुडघाभर चिखलात बारे मोडायचे, साप-किरडू, रानडुक्कर सांभाळायचे आणि सकाळी सातला घरी. आठला झोपायचे म्हटले, की शेजारी पिठाची गिरणी सुरू. वर पत्रा तापायला लागलेला. दारात कुणीतरी येऊन, “काय राव, दिवसा झोपा काढता?” अडीच-तीन तास डोळा लागला तर लागला. असे पाच दिवस. सहाव्या दिवशी सकाळी अकराला तो मोटारसायकलवर खत आणायला निघाला आणि नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर आदळला. पाय दोन ठिकाणी मोडला. आत गज घातला, चार महिने खाटेवर. मी भेटायला गेलो तर म्हणाला, “काका, डोळा कवा लागला, कळलंच नाही.”

त्याच्या खाटेशेजारी बसलो असताना मला नातीचे वाक्य आठवले आणि त्यापाठोपाठ एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. २००५ च्या आसपास मी शाखेत शेतीकर्जाचे काम पाहत होतो. भारनियमनाचे दिवस. एका पीककर्जाच्या अर्जासाठी पाहणीला गेलो, तर अर्जदार सकाळी अकराला बाजेवर तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेला. बायकोने उठवले, तो डोळे चोळत बसला, माझ्या प्रश्नांना धड उत्तरे देईना. मी अहवालात लिहिले, ‘अर्जदार आळशी दिसतो, कामाच्या वेळेत झोपलेला आढळला.’ कर्ज मंजूर झाले नाही. रात्री पाणी कुणी दिले, हा प्रश्न मी विचारला नाही. शेताच्या बांधावर माझे बूट चिखलात रुतले होते. तो चिखल ओला कसा, एवढे तरी मला सुचायला हवे होते.

उत्तरेच्या त्या गावात निसर्गाने रात्र नेली, तर समाज ती उसनवारी करून का होईना परत आणून देतो. आपल्याकडे निसर्ग रोज रात्र देतो. ती काही माणसांकडून आपण काढून घेतो आणि बदल्यात दिवसा दोन तासांची शांतताही देत नाही. वर त्यांनाच आळशी ठरवतो. आमच्याच तालुक्यातल्या वाळूजला तीन-तीन पाळ्यांत कारखाने चालतात. रात्रपाळी संपवून रांजणगाव-बजाजनगरच्या खोल्यांत परतणारी तरुण मुले तापलेल्या पत्र्याखाली कशी झोपत असतील, याचा विचार त्यांनी बनवलेल्या गाडीवर बसताना आपण करतो का?

कोणी म्हणेल, हे झोपेचे चोचले आहेत, दमलेला माणूस कुठेही झोपतो. नाही. पडतो कुठेही, झोपत नाही. शरीरातले घड्याळ ‘दिवस आहे’ असे बजावत असताना घेतलेली झोप रात्रीच्या झोपेपेक्षा काही तासांनी कमी भरते आणि चाळवते. रोजची ही तूट साचत जाते आणि थकबाकीची वसुली केव्हा होईल, ते सांगता येत नाही. पुतण्याची पुलावर झाली.

आपल्या परंपरेला हे माहीत नव्हते, असेही नाही. पंढरपुरात आषाढी-कार्तिकीला विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात. भक्तांची रीघ असते, म्हणून देव रात्रंदिवस उभा. पाठीला टेकायला कापसाचा लोड देतात. यात्रा संपली, की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याने स्नान, शिणवटा जावा म्हणून औषधी काढ्याचा नैवेद्य, पलंग पुन्हा जागेवर, आणि मग शेजारती. जागरण केलेल्या देवाला विश्रांती देणे हे भक्तांचे कर्तव्य मानले आहे. गव्हाला पाणी देत जागलेल्या माणसाची प्रक्षाळपूजा कोणी करायची?

मुळावरचा उपाय एकच: शेतीला दिवसा वीज. सौर कृषी वाहिनी योजना राज्यात २०१७ साली सुरू झाली, ती यासाठीच. जिथे दिवसाची वीज पोचली, तिथली रात्र पुन्हा रात्र झाली. हे काम जितक्या लवकर पुरे होईल तितके बरे, आणि त्यासाठी गावांनी भांडलेही पाहिजे. पण तोवर? आणि रात्रपाळीच्या कामगाराचे, परिचारिकेचे, पोलिसाचे काय? त्यांची पाळी कधीच संपणार नाही.

तोवर घराने रात्र द्यावी. त्यासाठी नॉर्वेचे पडदे लागत नाहीत. घरातली सर्वांत गार खोली जागरण करणाऱ्याला द्यावी. खिडकीला जाड गडद गोधडी लावावी. पत्र्याला वरून चुना मारावा. पहाटे तीननंतर चहा नको. सकाळी घरी येताना डोळ्यांवर काळा चष्मा किंवा कपाळावर ओढलेली टोपी असावी, म्हणजे कोवळे ऊन मेंदूला ‘उठ’ म्हणून सांगणार नाही. रात्री जागलेल्या माणसाने झोपेआधी मोटारसायकलला किल्ली लावू नये. खत उद्या आणता येते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम देशात २००० सालापासून आहे. पाळला जातो तो आपल्याला ठाऊकच आहे. पण तो नियमही रात्री झोपणाऱ्यांसाठी. सकाळी आठ ते दुपारी एक झोपणाऱ्यासाठी कायदा नाही. तिथे शेजारधर्मच लागतो.

आणि ज्यांना रात्र फुकट मिळते, अशा तुम्हा-आम्हाला काय सांगावे? रात्री बारापर्यंत अंथरुणात मोबाइल छातीवर धरून आपण घरोघरी छोटे छोटे ट्रॉम्सो वसवले आहेत. फक्त पडदे लावायला विसरलो आहोत. आमच्या घरी आता पितळी डबा आहे. साडेनऊला ही तो माझ्यापुढे धरते आणि मी निमूट मोबाइल आत टाकतो.

पुतण्या २०२४ च्या पावसाळ्यात पुन्हा शेतात उतरला. पाय थोडा ओढतो. त्याच्या बायकोने जुन्या काळ्या-निळ्या लुगड्यांची जाड गोधडी शिवून मधल्या खोलीच्या खिडकीला टांगली आहे. मुलीने तिकडून डोळ्यांची पट्टी पाठवली. गिरणीवाल्याशी बोलणे झाले. पाळीच्या आठवड्यात तो गिरणी दुपारी सुरू करतो. आधी कुरकुरला, मग म्हणाला, “आधी सांगायचं ना.” खरेच, आधी कोणीच सांगितले नव्हते.

परवा रब्बीची पाळी चालू असताना सकाळी दहाच्या सुमारास मी त्यांच्याकडे गेलो. सवयीने अंगणातूनच मोठ्याने हाक मारली. उंबऱ्यावर त्याचा सहा वर्षांचा पोरगा पाटी घेऊन बसला होता. त्याने तोंडावर बोट ठेवले आणि हलक्या आवाजात मला दटावले, “हळू बोला आजोबा. आत रात्र हाय.”

मी चपला हातात घेतल्या आणि ओट्यावर गपचूप बसून राहिलो.